टक तर लागली, मक कुठून आली?

महाडात आमचा कट्टा म्हणजे शिरीषच्या चष्म्याच्या दुकानाची पायरी, तिच्यासमोर उपडी घातलेली दुधाची दोन क्रेट आणि शेजारच्या अप्पाच्या टपरीचं बाकडं. वेळ सात ते साडेआठ. पावसाळ्यात सावित्रीचं पाणी कुठवर चढलं हा विषय, उन्हाळ्यात हायवे, आणि बाराही महिने राजकारण. परवा मात्र एका शब्दावरून जुंपली आणि साडेआठचे पावणेदहा झाले. मी फ्लेक्स आणि लग्नपत्रिका छापतो, म्हणजे शब्दांवरच माझं पोट, त्यामुळे हे लिहून काढायचं काम माझ्या गळ्यात आलं.

काडी टाकली नंदूने. नंदू रायगडाला जीप नेतो. महाडपासून पाचाडपर्यंत पंचवीसेक किलोमीटर त्याचं तोंड चालू असतं. इतिहास, भूगोल, नाचणीची भाकरी कुठे बरी मिळते, सगळं त्यात येतं. त्या दिवशी तो आला तोच क्रेटवर धपकन बसला.

"आज एका बाईने भर गाडीत माझा कचरा केला."

"काय म्हणाली?"

"मी नेहमीचंच सांगत होतो. गुन्हेगाराला टोकावर उभा करायचे, तो खाली दरीत टकमक बघायचा, मग ढकलायचे. म्हणून टकमक टोक. दहा वर्षं सांगतोय, कुणी हूं का चूं केलं नाय. ही बाई म्हणते, 'कडेलोटाच्या वेळी त्याचे डोळे बांधत नसतील कशावरून? आणि नसतील बांधले तरी मरायला उभा राहिलेला माणूस टकमक कसा बघेल हो? टकमक तान्हं बाळ बघतं.' नऊच्या नऊ पॅसेंजर हसले."

"बाईचं बरोबर आहे," शिरीष काउंटरमागून म्हणाला.

"तू चष्मे विक."

"चष्मे विकतो म्हणूनच सांगतोय. बाळ टकमक बघतं कारण त्याची पापणी लवतच नाही. मोठा माणूस मिनिटाला पंधरा-वीसदा डोळे मिटतो. तान्हं बाळ फार तर दोन-चारदा. तू त्याच्यापुढे तोंड नेलंस की ते जे बघत राहतं ना, ते टकमक."

बबन पेणचा जावई. सासरच्या कारखान्यात सीझनला गणपतीचे डोळे करायला जातो, त्यामुळे डोळा या विषयावर आपलंही काही वजन आहे असं त्याचं म्हणणं. तो म्हणाला, "पापणीचा काय संबंध? टकमक म्हणजे डोळे मोठे करून बघणं. भोकराएवढे."

इथे पहिली फूट पडली. शिरीषच्या मते टकमक म्हणजे पापणी न हलवता बघणं. बबनच्या मते डोळे फाडून बघणं. दोन्ही एकच असं वरवर वाटतं, पण तसं नाही. पापणी न लववता माणूस अर्धवट मिटल्या डोळ्यांनीही बघू शकतो, मांजर तर तासन् तास बघतं.

शिरीष बाहेर आला, अप्पाकडून एक कागदी कप घेतला आणि खिशातल्या पेनाने त्यावर डोळा काढला. "हे बुबुळ. साध्या डोळ्यात वरची पापणी बुबुळाच्या वरच्या कडेवर थोडी टेकलेली असते. मिलिमीटर, दीड मिलिमीटर. बुबुळाच्या वर पांढरं दिसत नाही. ज्या क्षणी वर पांढरं दिसलं, त्या क्षणी समोरच्याला कळतं की हा घाबरलाय नाहीतर चिडलाय. थायरॉइड वाढलेल्या काही पेशंटचं तसं होतं. बिचारे शांत बसलेले असतात आणि घरचे विचारतात, काय झालं, असा का बघतोयस?"

बबनने कप हिसकावला. "हे तर आमचा कारागीर सांगतो! डोळ्यांची आखणी करताना वरची रेघ बुबुळाला धरून ओढायची. मध्ये पांढरं सुटलं की गणपती रागावलेला दिसतो आणि गिऱ्हाईक मूर्ती उचलत नाही. हातभर मूर्ती, पण सगळी किंमत त्या केसाएवढ्या रेघेत." त्याने त्याच कपावर दुसरा डोळा काढला, वर पांढरं सोडून. आम्ही सगळ्यांनी कप फिरवून फिरवून पाहिला. खरंच, एक डोळा आपल्याकडे मायेने बघत होता आणि दुसरा उधारी मागत होता.

"पण मग बबन, तू स्वतःच हरलास," मास्तर म्हणाले. देसाई मास्तर आमचं सुप्रीम कोर्ट. जन्मभर मराठी शिकवलं, अजूनही माझ्या पत्रिकांचे प्रूफ रस्त्यात उभे राहून तपासतात. "वर पांढरं दिसणारा डोळा म्हणजे वटारलेला किंवा विस्फारलेला. बाळाचा तसा नसतो. बाळ डोळे वटारत नाही. ते टकमक बघतं. म्हणजे टकमकचा डोळ्यांच्या आकाराशी संबंध नाही."

"मग कशाशी?"

मास्तर उत्तर देण्याआधी चष्मा पुसतात. ते पुसून होईपर्यंत अप्पा बोलला. अप्पा सहसा बोलत नाही, म्हणून बोलला की सगळे गप्प होतात.

"मागच्या महिन्यात एका कचेरीत गेलो होतो. वारसाच्या नोंदीसाठी. खिडकीवरचा म्हणाला, सातबारा आणलात, आठ अ कुठाय? फेरफार कुठाय? मागच्या वेळी ज्याने यादी दिली त्याने फेरफार लिहिलाच नव्हता. मी काय बोलणार? उभा राहिलो. त्याने डोळे वटारले. आता बघा, तो वटारत होता आणि मी टकमक बघत होतो. साहेब टकमक बघतोय आणि अप्पा वटारतोय असं कुणी कधी ऐकलंय का?"

दोन-तीन सेकंद कुणी बोललं नाही. मग नंदू म्हणाला, "आज बाईने वटारले आणि मी टकमक."

मला विचाराल तर वाद इथेच संपला होता. आपल्याकडे बघण्याला जे ढीगभर शब्द आहेत ते डोळ्याचं माप घेऊन बनलेले नाहीत. बघणारा कोण आणि त्याच्या हातात काय आहे, यावर शब्द ठरतो. रोखून बघणाऱ्याच्या हातात काहीतरी असतं, पुरावा नाहीतर काठी. वटारणारा घरातला मोठा, वर्गातला मास्तर किंवा खिडकीपलीकडचा. टक लावून बघणाऱ्याला काहीतरी हवं असतं: मिठाई, पोरगी, दुसऱ्याचा सातबारा. निरखणारा जाणकार. न्याहाळणाऱ्याला घाई नसते. डोळे तारवटलेला रात्रभर जागलेला. आणि टकमक बघणाऱ्याच्या हातात काहीच नसतं. समोर काय चाललंय ते त्याला उमगत नाही आणि तिथून हलताही येत नाही. बाळाचं तेच, अप्पाचं तेच, परीक्षेत पेपर उलगडल्यावर आमचं सगळ्यांचं तेच झालेलं आहे.

पण कट्ट्यावर वाद असा संपत नसतो. नंदूला शब्दाचा अर्थ नको होता, नावाचा उगम हवा होता. उद्या पुन्हा नऊ पॅसेंजर बसणार.

"मूळ संस्कृतातलं असणार," अप्पा म्हणाला. तो पहाटे योगवर्गाला जातो. "त्राटक. मेणबत्तीकडे डोळ्यांतून पाणी येईपर्यंत बघायचं. त्राटकमधलं टक."

मास्तरांनी इथे हठयोगप्रदीपिकेतला अख्खा श्लोक म्हटला, निश्चल नजरेने बारीक लक्ष्याकडे अश्रू येईपर्यंत पाहणं म्हणजे त्राटक, धौती, बस्ती, नेती, नौली, कपालभाती यांच्या रांगेतलं एक कर्म. अप्पाची कॉलर ताठ झाली. ती फार वेळ राहिली नाही, कारण तेवढ्यात अक्षता आली. अक्षता शिरीषची पुतणी, पुण्यात भाषाशास्त्रात एमए करते आणि सुट्टीत आली की काकाच्या दुकानात फ्रेमा लावते. कट्ट्यावर तिला बोलवावं लागत नाही, तीच पायरीवर येऊन बसते.

"अप्पाकाका, त्राटकमधलं शेवटचं टक कापून घेता येत नाही हो. शब्द झिजतो तो काही नियमाने झिजतो. त्रीणिचं तीन झालं, त्रुट्चं तुटणं झालं, रात्रीची रात, सूत्राचं सूत. त्र झिजला की त उरतो. त्राटक झिजलं असतं तर ता-काहीतरी झालं असतं. पुढचं अख्खं जोरकस अक्षर गिळून मागचं शेपूट तेवढं शिल्लक, असं होत नाही."

"ताक झालं असतं," बबन म्हणाला. त्याला विनोद सुचल्याचा आनंद झाला.

"ताक तक्राचं," मास्तर म्हणाले.

"पण बबनकाका, तुम्ही चुकून बरं बोललात," अक्षता म्हणाली. "हिंदीत ताकना आहे ना, ताकते रहना? ते संस्कृत तर्कापासून आलेलं मानतात. जसं सर्पाचा साप, कर्माचं काम, तसं तर्काचं ताक. अंदाज बांधणं, नेम धरणं आणि मग एकटक बघणं."

"बघा!" मास्तरांना एवढा आनंद झाला की त्यांनी अप्पाला आणखी एक चहा सांगितला. "म्हणजे तर्क आणि नजर एकाच घरातले. पण टक त्यातली नाही म्हणतेस?"

"त चा ट व्हायला काही कारण पाहिजे. मला टक हा वेगळा वाटतो. नादाचा शब्द. टक! दारावर टकटक होते तीच."

"नजरेला आवाज असतो का?" नंदू. प्रश्न टोमणा म्हणून आला होता, पण मला विचाराल तर संध्याकाळचा सगळ्यात चांगला प्रश्न हाच.

अक्षता म्हणाली, "चांदण्याला असतो? मग लखलख का म्हणता? उजेडाला झगमग, दुखण्याला ठणठण, भुकेला कावकाव. आवाज नसलेल्या गोष्टीलाही आपण नाद देतो. नजर एका जागी जाऊन खिळली की टक. खुंटी ठोकल्यासारखी. मोल्सवर्थने आपल्या मराठी-इंग्रजी कोशात असे कितीतरी शब्द नोंदवून पुढे अनुकरणाने झालेला म्हणून खूण केलीय."

मोल्सवर्थचं नाव निघालं की मास्तर सरसावून बसतात. 1831 साली पहिला छापला, 1857 साली वाढवून दुसरा, आणि इतक्या वर्षांनंतरही आम्ही टपरीवर बसून त्याचं नाव घेतोय, हे सांगताना त्यांचा आवाज किंचित हलतो. अक्षताने मोबाईलवर तो कोश उघडला. टकमक होता. सोबत कोणती क्रियापदं येतात तेही होतं, पाहणं आणि बघणं. म्हणजे तेव्हाचे लोकही टकमक फक्त बघतच होते. टकमक ऐकत नव्हते, टकमक बोलत नव्हते. नंतर दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश, 1932 ते 1938 चा, तोही मास्तरांनी काढायला लावला. तोवर चहा आला म्हणून वाचलो.

"टक समजली," मी म्हणालो. आतापर्यंत मी गप्प होतो. "टक लागली, एकटक, टक लावून. पण मक कुठून आली? मकचा अर्थ काय?"

"मक म्हणजे काही नाही," बबन.

"मग का लावतोस?"

"बोलायला बरं वाटतं."

मास्तर उठून उभे राहिले. फळा नसल्याने त्यांनी शिरीषच्या काचेवर बोट चालवायला सुरुवात केली. "अभ्यस्त शब्द. सातवीला शिकवले होते, कुणाच्याही लक्षात नाहीत. पूर्ण भाग दोनदा आला की पूर्णाभ्यस्त. दुसरा भाग जरा बदलून आला की अंशाभ्यस्त. आता सांगा असे शब्द."

आणि एकदम सगळ्यांना कंठ फुटला. खटपट. झटपट. लटपट. गडबड. चुळबुळ. लुडबुड. कुजबुज. लगबग. डगमग. तगमग. झगमग. अप्पाने किटलीवरून नजर न हलवता खळबळ दिलं. मी मागच्या कोऱ्या पत्रिकेवर लिहीत गेलो, आणि लिहिता लिहिता माझ्या काहीतरी लक्षात आलं. रोज छपाईचे खिळे जुळवत बसलेल्या बापाचा मी मुलगा, अक्षरं रांगेत लागली की डोळा तिकडे जातोच.

"मास्तर, दुसरा भाग बघा. पट, पट, पट. बड, बुळ, बुड, बुज, बग. मग, मग, मग. सगळीकडे प, ब नाहीतर म."

"ओठ," अक्षता म्हणाली. "पहिला भाग जिभेवर किंवा घशात, दुसरा ओठांवर."

तपासून पाहिलं. ख घशातला, झ टाळूचा, ल दातांमागचा, ट जीभ वळवून. दुसऱ्या भागात मात्र ओठ मिटलेच पाहिजेत. अपवाद शोधायला बबन निघाला आणि मोठ्या ऐटीत 'धावपळ' घेऊन आला. पण धाव आणि पळ दोन्ही खरे शब्द आहेत, शिवाय पळमध्येही प आहेच. मग नंदू म्हणाला, उलटं करून बघू. पटखट. बडगड. बुळचुळ. मगडग. पुढची पाच मिनिटं चाळिशी-साठीची माणसं भर रस्त्यात "काय रे कशाला बुळचुळ करतोस" असं एकमेकांना सांगत होती. दुकानात चष्मा घ्यायला आलेल्या एका आजोबांनी शिरीषला विचारलं, हे सगळे तुझे पेशंट का.

उलटं केलं की शब्द मोडतो. आधी जीभ, मग ओठ, हा ठेका मराठी कानाला आतूनच माहीत असावा. मकटक कुणी म्हणत नाही. मक एकटी कुठे राहतही नाही. पण ती आली की टकचं रूप पालटतं, आणि माझा मुद्दा हा होता. टक खिळते. टकमक हलते. टक, मग मक, मग पुन्हा टक. नजर इथे लागली, तिथे लागली, परत इथे आली. अप्पाचंच बघा. तो काही खिडकीवरच्या माणसाकडे एकटक बघत नव्हता. त्याच्याकडे, मग आपल्या हातातल्या पिशवीकडे, मग रांगेतल्या मागच्याकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. डगमगमध्ये पाय हलतो, तगमगमध्ये जीव हलतो, टकमकमध्ये नजर.

"बाळ काय बघतं मग?" शिरीष पापणी सोडायला तयार नव्हता. "एकाच ठिकाणी बघतं."

"तुझं बाळ पंख्याकडे बघतं, मग तुझ्याकडे, मग पंख्याकडे."

"पापणी न लववता."

"पापणी न लववता."

"झालं तर."

हा मुद्दा बरोबरीत सुटला. मध्येच मास्तरांनी देव आणले. देवांना अनिमिष म्हणतात, त्यांची पापणी लवत नाही. दमयंतीच्या स्वयंवरात चार देव नळाचं रूप घेऊन बसले, तेव्हा तिने ओळखलं ते यावरूनच: पापण्या स्थिर, अंगाला घाम नाही, सावली नाही, पाय जमिनीला टेकलेले नाहीत, गळ्यातली माळ कोमेजलेली नाही. पाचवा घामेजलेला, डोळे मिटणारा, तो नळ. "पण म्हणून देव टकमक बघतात असं कुणी म्हणत नाही," मास्तर म्हणाले. माझ्या मते हे त्यांनी शिरीषच्या विरोधात सांगितलं, शिरीषच्या मते त्याच्या बाजूने.

चकमक हा शब्द कुणी काढला आठवत नाही. बहुतेक बबननेच, टकमकला जोडीदार म्हणून. मास्तर म्हणाले, "चकमक या माळेतली नाही. ती तुर्की. ठिणगी पाडायची गारगोटी, ती चकमक. मग लढाईतली ठिणगी, तीही चकमक. तोफ तुर्की, कैची तुर्की, तशी ही."

"मग टकमकही तुर्की!" बबन ओरडला. कट्ट्यावर कुणी एक पायरी दाखवली की बबन चार चढतो.

सगळ्यांनी अक्षताकडे पाहिलं. ती दोन वर्षं तुर्की मालिका बघते हे सगळ्या आळीला माहीत आहे. ती जरा थांबली आणि म्हणाली, "तुर्कीत तकमक शब्द आहे खरा."

बबन उठून उभा राहिला.

"लावणं, अडकवणं, अंगावर घालणं. गोझ म्हणजे डोळा, गोझलुक म्हणजे चष्मा. गोझलुक तकमक म्हणजे चष्मा लावणे."

आता सगळेच उभे राहिले. वर शिरीषचा बोर्ड, त्यावर दोन मोठे डोळे, आणि खाली आम्ही. बबनने जाहीर केलं की व्युत्पत्ती सापडली, मोल्सवर्थला कळवा.

"आणि बघणे म्हणजे बकमक," अक्षता पुढे म्हणाली. हे तिने सांगायला नको होतं. तकमक बकमक, चष्मा लावून बघणे, हे बबन पुढे आठवडाभर म्हणणार हे मला तेव्हाच दिसलं.

"थांबा की. तिकडे मक हे क्रियापदाचं शेपूट आहे. आपलं णे असतं तसं. याझमक लिहिणे, बकमक बघणे, तकमक लावणे. आपल्या टकमकमध्ये मक असं काम करत नाही. टकमकतो, टकमकला असं आपण म्हणत नाही. शिवाय अशा शब्दांसाठी तुर्कस्तानात जायची गरजच नाही. गुजरातीत बघतात टगर टगर. हिंदीत टुकुर टुकुर, आपणही टुकुटुकु म्हणतोच. बंगालीत फ्यालफ्याल. कन्नडमध्ये पिळिपिळि, आणि त्यात तर पापण्या चक्क लवतात. तमिळमध्ये तिरुतिरु, चोरी पकडल्यावर माणसाचे डोळे होतात तसे."

"ही सगळी अप्पाची माणसं," नंदू म्हणाला. "खिडकीसमोर उभी."

अक्षता म्हणाली, बर्कलीचे मरे एमेनो नावाचे भाषाशास्त्रज्ञ होते, त्यांनी 1969 साली नेमकं यावरच लिहिलं. नादाचे, दुहेरी ठोक्याचे शब्द इकडच्या आर्य भाषांतही आणि दक्षिणेच्या द्राविडी भाषांतही सारख्याच हौसेने वापरतात, म्हणून उपखंडातल्या भाषा शेजाराने एकमेकींसारख्या झाल्या याचा तो एक मोठा पुरावा. थोडक्यात, टकमकचं घराणं शोधत वर जायचं नाही, आजूबाजूला बघायचं. मास्तरांना हे पटलं असं ते म्हणाले, पण चेहरा सांगत होता की त्यांना एखादा संस्कृत धातू मिळाला असता तर झोप बरी लागली असती.

नंदू कंटाळला होता. "शब्दाचं झालं. टोकाचं काय?"

मी त्या टोकावर शेवटचा गेलो तो दोन वर्षांपूर्वी, भाचीला घेऊन. बाजारपेठेकडून उतरत गेलं की दारूकोठाराचे अवशेष लागतात, तिथून वाट अरुंद होत जाते. दोन्ही बाजूंना दरी. वारा असा की माझी टोपी गेली ती दिसेनाशी होईपर्यंत खाली पडलीच नाही. तळाशी छत्री निजामपूरची कौलं. वाऱ्याने एक सेवक महाराजांवर धरलेल्या छत्रीसकट उडाला आणि अलगद त्या गावात उतरला, म्हणून गावाला ते नाव, ही कथा मी भाचीला सांगितली. ती रेलिंगला दोन्ही हातांनी धरून उभी होती. तिने कौलांकडे पाहिलं, मग वर माझ्याकडे, मग स्वतःच्या बुटांकडे, मग पुन्हा कौलांकडे. बोलली काहीच नाही.

हे मी सांगितलं आणि नंदूला म्हणालो, कैद्याला सोड. तिथे जो उभा राहतो तो टकमक बघतो. कडेलोट न होताही.

"म्हणजे बघणाऱ्याचं टोक," मास्तर म्हणाले. "शिक्षेचं नाही."

"शिक्षा होत होती मास्तर," नंदू चिडला. "ते मी काढणार नाय."

"काढ कोण म्हणतंय? नाव शिक्षेमुळे पडलं असं म्हणू नको, इतकंच."

मग शिरीषने खिशातून हुकमाचा एक्का काढला. तो तरुणपणी मुंबईत होता, तिथल्या पोरांबरोबर डोंगर हिंडायचा. "टकमक नावाचा अख्खा किल्ला आहे. पालघर जिल्ह्यात, अहमदाबाद हायवेला सकवार गाव आहे, तिथून चढायचं. चढ घाम काढतो. मी गेलोय. वरती पाण्याची टाकी आहेत आणि कडे आहेत. कडेलोटाची गोष्ट तिथे आम्हाला कुणी सांगितली नाही. तरी नाव टकमकच."

नंदूच्या कहाणीला हा चांगलाच टोला होता. एकच नाव, दोन डोंगर, रायगडाचा कैदी सकवारला कसा पोचणार? दोन्हीकडे सारखं काय, तर कडा आणि खाली पसरलेला मुलूख. मी म्हणतो, उंच कड्याला टकमक म्हणायची रीत असावी. मास्तर म्हणतात, टेहळणी. चौकीवरचा माणूस दिवसभर बघत राहतो, त्याच्या बघण्यावरून नाव. यावर अप्पाने मोडता घातला. "टेहळणीवाला टकमक बघायला लागला तर किल्ला गेलाच म्हणून समजा. त्याने निरखायचं असतं."

त्राटक सोडलं तर अप्पा एका संध्याकाळी दोनदा बोलला आणि दोन्ही वेळा त्याचंच खरं निघालं. मास्तरांनी टेहळणी मागे घेतली नाही, पण चहाचे पैसे त्यांनी दिले.

बबन अजून तुर्कस्तानातच होता. शिरीषने बोर्डवर खाली 'गोझलुक तकमक' लिहून घ्यावं आणि ते फुकट छापून देण्याचं मी कबूल करावं, अशी त्याची मागणी होती. मी म्हटलं फुकट नाही, कॉस्टमध्ये देतो.

एवढ्यात नंदूचा फोन वाजला. उद्याची पार्टी, दापोलीहून निघणारे सात जण. नंदू वेळ, भाडं, रोपवेची लाइन सगळं सांगत होता. मध्येच तो थांबला, आमच्याकडे पाहिलं, मग शिरीषच्या बोर्डाकडे, मग पुन्हा आमच्याकडे.

"हो, दाखवणार ना टकमक टोक," तो फोनमध्ये म्हणाला. "पण टोकावर जाईपर्यंत त्याचा अर्थ विचारायचा नाय. तिकडे पोचलात की मी तुमच्याकडे बघीन, तुम्ही खाली बघा."